मृगाच्या आधी कोणते पिच्चर पाहायचे, आणि कूलरपासून किती दूर बसायचं

आज २० एप्रिल २०२५, रविवार, दुपारचे दोन वाजून ऱ्हायले, कूलरच्या टाकीत दोनदा पाणी टाकून झालं आणि बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तूर निघाली, चना निघाला, गहू घरात आला, वावर नांगरून तापत पडलं आहे. आता मृग लागेपर्यंत आपल्याला दोनच धंदे, लग्नाच्या पंगतीत बसणे आणि पिच्चर पाहणे. आणि दरवर्षी याच टायमाला आमच्या चुलतभावांच्या ग्रुपवर एकच प्रश्न येते, भाऊ सांग ना, औंदा कोणता पाहाचा? कारण मागच्या चार-पाच वर्षांत माझे अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघाले, एक सोडून, त्याचं नाव घेत नाही, त्या दिवशी अकरा लोकांनी मला येताना गाडीत एक शब्द बोलू दिला नाही.

म्हणून यावर्षी सगळं एका ठिकाणी लिहून टाकतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की तूच म्हणला होतास.

आधी हिशोब समजून घ्या. पुण्या-मुंबईतला माणूस पिच्चर चांगला नसला तर म्हणते दोनशे रुपये गेले. आपलं तसं नाही. आमचं गाव नेरकडलं, टाकीज वीस किलोमीटर, मॉलमधलं थेटर म्हणजे अमरावती, दीड तास जाणं दीड तास येणं. घरचे सहा जण निघाले तर फटफटीवर भागत नाही, गाडी सांगावी लागते, गाडीत जागा ऱ्हायली म्हणून शेजारचे येतात, शेजारच्यांचे पाहुणे येतात, मंग नाश्ता, रसवंती, पोट्ट्यांचं आईस्क्रीम, येताना कोणीतरी म्हणते अंबादेवीचं दर्शन करून घेऊ. तिकीट हा त्यातला सर्वात लहान खर्च आहे बाप्पा. आणि वरून पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, त्यात जाऊन म्हातारं माणूस आजारी पडलं तर सलाईनचा खर्च वेगळा. म्हणून आमच्याकडं पिच्चर 'बरा आहे' असून चालत नाही. बरा पिच्चर घरी पाहता येते. गाडी सांगण्याच्या लायकीचा आहे का, एवढाच प्रश्न.

आता टाकीजबद्दल, कारण अर्धा निकाल तिथंच लागते. नाव लिहीत नाही, आपल्याकडच्यांना कळलंच असेल. एकच पडदा, दिवसाला चार खेळ, बाल्कनीचं तिकीट अजून शंभरच्या आत आहे (शंभरपर्यंत जीएसटी १२ टक्के, त्याच्या वर गेलं की १८, म्हणून मालकही शंभरच्या वर जात नाही असं तिथला गेटवाला सांगते, खरं त्यालाच माहीत). खुर्च्या मागच्या साली बदलल्या, त्या खरंच चांगल्या आहेत, पाठ दुखत नाही. साऊंडही नवा टाकला. पहिले रीळ पेटीतून एसटीनं यायची, दुसऱ्या गावचा खेळ संपला की आपल्याकडं, नवीन पिच्चर जुना होऊन पोचायचा. आता सगळं सॅटेलाईटवरून उतरते, मुंबईत ज्या शुक्रवारी लागते त्याच शुक्रवारी आमच्याकडंही लागते. ही गोष्ट लहान नाही. माझ्या बाबांनी यात्रेत तंबूच्या टाकीजमधी खाली जमिनीवर बसून पिच्चर पाहिले, बायांची बाजू वेगळी, माणसांची वेगळी, त्यांना अजूनही विश्वास बसत नाही की मुंबईवाल्याच्या आणि आपल्या टाकीजमधला पिच्चर एकाच दिवशीचा आहे.

पण एसी नाही. कूलर आहेत, चार, मोठे लोखंडी, लग्नाच्या मंडपात असतात तसे. आणि यातच सगळी मेख आहे. कूलरजवळ बसलं तर हवा लागते पण डायलॉग ऐकू येत नाही, घर्रर्र आवाजात हिरो काय म्हणते ते ओठ पाहून समजून घ्या. कूलरपासून दूर बसलं तर डायलॉग ऐकू येते पण इंटरव्हलपर्यंत बनियन पिळायची वेळ येते. म्हणून मी उन्हाळ्याच्या पिच्चरचे दोनच प्रकार करतो, कूलरजवळचे आणि कूलरपासून दूरचे. मारामारी, गाड्या उडणे, गाणे, भूत, हे सगळं कूलरजवळ बसून मजेत पाहता येते. कोर्टकचेरी, कॉमेडी, रडण्याचे सीन, हे दूर बसून पाहायचे, म्हणजे त्यासाठी घाम गाळायची तयारी पाहिजे, आणि तेवढा दम पिच्चरमधी नसला तर सरळ सोडून द्या.

टाकीजची दुसरी तक्रार सांगतो, ही मात्र मनापासून आहे. मागच्या वर्षी एका मराठी पिच्चरसाठी आम्ही सात जण दुपारी बाराच्या खेळाला गेलो, पोस्टर लागलेलं, टाइम लिहिलेला, आणि खिडकीवरचा माणूस म्हणते, तो खेळ कॅन्सल आहे, सात लोकांत नाही चालवत, हिंदी लावून ऱ्हायलो, पाहाचा असन तर पाहा. वीस किलोमीटर उन्हातून आलेल्या माणसानं काय करायचं? पाहिला तोच हिंदी. तेव्हापासून माझा नियम, मराठी पिच्चर असला तर आदल्या दिवशी फोन, आणि निघायच्या आधी परत फोन. ऑनलाईन तिकिटाचा तिथं विषयच नाही, गेटवाल्याचा नंबर घेऊन ठेवा, दोन खर्ऱ्यात माणूस आपला होते.

आता आठ हप्त्यांचं गणित. हिंदी पिच्चर टाकीजला लागला की साधारण आठ हप्त्यांनी मोबाईलवर येते, मोठ्या थेटरवाल्यांचा तसा आग्रहच असते. छावा पाहा ना, १४ फेब्रुवारीला लागला आणि ११ एप्रिलला नेटफ्लिक्सवर, मोजून आठ हप्ते. छावा आम्ही टाकीजमधीच पाहिला, दोनदा, तो गाडी सांगण्याच्याच लायकीचा होता, शेवटी सगळी टाकीज उभी होती. पण माझ्या साळ्यानं घाई केली नाही, त्यानं आता घरी गादीवर लोळून पाहिला आणि मला फोन करून म्हणते, भाटवे, तुम्ही किती खर्च केला होता? म्हणून कोणत्याही पिच्चरच्या तारखेत छप्पन दिवस मिळवा आणि स्वतःला विचारा, तेवढं थांबलं तर काय बिघडते. पण याच्यात आपली एक अडचण आहे जी शहरातल्याला नाही. एप्रिल-मेचा पिच्चर मोबाईलवर येते तेव्हा जून लागलेला असते, पेरणी, बियाणं, डवरणी, रात्री आठलाच डोळा लागते. म्हणजे थांबलेला पिच्चर आपला सुटला तो सुटलाच, डायरेक्ट पोळ्याला आठवते. म्हणून छप्पन दिवसांचं गणित आंधळेपणानं लावू नका.

चला, आता एकेक.

जाट पाहून झाला, १० एप्रिलला लागला होता, त्यामुळे तो 'येणारा' नाही पण अजून चालू आहे म्हणून लिहितो. सनी देओल, इडली खाली पडते, तो म्हणते सॉरी बोल, समोरचा बोलत नाही, आणि त्या एका सॉरीवरून एवढी मोठी भानगड होते की शेवटपर्यंत खांब उपटणे सुरू. शुद्ध कूलरजवळचा पिच्चर. डायलॉग ऐकू आले नाही तरी काही बिघडत नाही, आमच्या मागं बसलेला एक पोट्टा सगळे डायलॉग स्वतःच म्हणत होता. पोरं घेऊन जाऊ नका, कापाकापी लय आहे. तिकिटाचे पैसे वसूल, गाडीचे नाही.

केसरी २, परवाच १८ तारखेला लागला. याच्याबद्दल जरा लांब लिहितो कारण ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं. हा पिच्चर सी. शंकरन नायर यांच्यावर आहे, अक्षयकुमार नायर झाला आहे, समोरच्या बाजूनं माधवन. आता तुम्ही म्हणाल केरळचा वकील, जालियनवाला बागेचं प्रकरण, आपला काय संबंध. संबंध आहे भाऊ. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन आपल्या अमरावतीला झालं होतं, आणि त्याचे अध्यक्ष होते हेच शंकरन नायर. ज्या अमरावतीला आपण संत्रा विकायला जातो तिथं हा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी अध्यक्ष म्हणून बसला होता. पुढं ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले आणि १९१९ मधी पंजाबात जे झालं त्यावर राजीनामा देऊन बाहेर पडले. मला हे आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं होतं, तेव्हा डोक्यात घुसलं नाही, पोस्टर पाहिल्यावर आठवलं.

पण एक सांगून ठेवतो, पिच्चरमधी जसं दाखवलं म्हणतात, म्हणजे नायर इंग्रज सरकारलाच कोर्टात खेचतात, ते खऱ्यात तसं नव्हतं. खऱ्यात उलटं होतं. नायरांनी आपल्या पुस्तकात पंजाबच्या अत्याचाराला तिथला गव्हर्नर ओडवायर जबाबदार आहे असं लिहिलं, म्हणून ओडवायरनंच नायरांवर मानहानीचा दावा ठोकला, लंडनमधी, १९२४ साली. पाच हप्ते खटला चालला, ज्युरी इंग्रजांची, बारा जणांत अकरा नायरांच्या विरोधात आणि एक त्यांच्या बाजूनं. नायर हरले, ५०० पौंड भरपाई आणि वरून कोर्टाचा खर्च बसला. मला विचाराल तर ही हरण्याची गोष्ट जास्त भारी आहे, परक्या देशात, परक्या कोर्टात, परक्या लोकांसमोर उभं राहून हरणे आणि तरी शब्द मागं न घेणे. पण हरलेल्या वकिलावर पिच्चर काढला तर टाकीजमधी शिट्ट्या कोण मारणार, हेही खरं. तर जा, पण इतिहास म्हणून पोरांना दाखवत असाल तर येताना गाडीत खरी गोष्ट सांगा. हा कूलरपासून दूरचा पिच्चर आहे, पूर्ण कोर्ट, पूर्ण बोलणं, आपल्या टाकीजमधी पाहू नका, अमरावतीला एसीत पाहा. माझा तिथला मित्र पहिल्याच दिवशी पाहून आला, म्हणते माधवन उभा ऱ्हायला की मजा येते.

आता फुले. २५ एप्रिल, शुक्रवार.

यावर माझा जरा राग आहे, पिच्चरवर नाही, तारखेवर. हा ११ एप्रिलला येणार होता, जोतीबांच्या जयंतीला, आणि आमच्या गावात ११ ते १४ जयंतीचा कार्यक्रम असते, म्हणून आम्ही ठरवलं होतं की यावर्षी ११ च्या मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशी गाडी करून सगळे जाऊ. गाडी सांगितली होती, इसार दिला होता. आणि मंग बातमी आली की काही संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉरनं काही शब्द बदलायला लावले, आणि पिच्चर दोन हप्ते पुढं गेला. ज्या माणसानं १८४८ साली पुण्यात पोरींची शाळा काढली, लोकांचे शेणगोटे खाल्ले, त्याच्या गोष्टीतला कोणता शब्द आज टोचते याचा विचार तुम्हीच करा, मी इथं लिहिलं तर भांडण होईल. इसार मात्र गाडीवाल्यानं परत दिला नाही, पुढच्या तारखेला धरतो म्हणला, ठीक आहे.

प्रतीक गांधी जोतीबा आणि पत्रलेखा सावित्रीबाई. पहिले मलाही वाटलं, गुजराती पोरगा आणि शिलाँगची पोरगी, आपले जोतीबा-सावित्री यांना कसे जमणार, आणि पिच्चर हिंदीत, बाबांना हिंदीत जोतीबा कसे पटतील? पण मंग डायरेक्टरचं नाव पाहिलं, अनंत महादेवन. याच माणसानं २०१० साली मी सिंधुताई सपकाळ काढला होता, मराठीत. आपल्या वर्ध्याच्या माईंवरचा. तो आमच्या गावात महिला मंडळानं पडदा लावून दाखवला होता तेव्हा माझी आई तीन दिवस त्याच गोष्टी करत होती, आणि त्यात कुठंही उगाच रडारड नव्हती, बाई जशी होती तशी दाखवली होती. ज्यानं सिंधुताई नीट दाखवली तो सावित्रीबाईचं वाटोळं करणार नाही, एवढ्या एका भरवशावर मी गाडी सांगतो आहे.

टाकीजवाला हा पिच्चर घेणार नाही. विचारलं मी. म्हणते, भाऊ पब्लिक येत नाही अशा पिच्चरले. अरे बाबा, १४ तारखेला बसस्टँडसमोर पाय ठेवायला जागा नव्हती, ते कोण होते, पब्लिक नव्हते काय? पण त्याला जाटचा गल्ला दिसून ऱ्हायला, ऐकत नाही. म्हणून अमरावती. आणि जाणारच आहो तर मंग केसरी २ पण त्याच फेरीत, सकाळचा खेळ एक, दुपारचा एक, मधातलं सगळं ऊन एसीत निघून जाते. एका गाडीत दोन पिच्चर, हिशोब बसला.

त्याच शुक्रवारी दोन मराठीही आहेत, यावर थोडक्यात. झापुक झुपूक, सूरज चव्हाणचा, बिग बॉस जिंकलेला तो, केदार शिंदे डायरेक्टर. माझा चौथीतला पोरगा सकाळी उठल्यापासून तेच म्हणून ऱ्हायला, त्याला नेलं नाही तर घरात राहणं मुश्कील. गरिबाचा पोरगा वर आला, त्याचं कौतुक आहेच, पण कौतुक वेगळं आणि अडीच तास वेगळे. टाकीजला लागला तर पोट्ट्यांना सोडून या, कूलरजवळ बसवा. दुसरा देवमाणूस, महेश मांजरेकर आणि रेणुका शहाणे, हा २०२२ च्या वध नावाच्या हिंदी पिच्चरवरून आहे, तो मी मोबाईलवर पाहिला आहे, म्हातारा-म्हातारी, कर्ज, सावकारी, अन् मंग जे होते ते. गोष्ट दमदार आहे पण शेवट माहीत असताना गाडी कोण सांगणार. ज्यांनी हिंदी पाहिला नाही त्यांनी जरूर पाहा, कर्जाचा फोन आल्यावर पोटात कसा गोळा येते हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

एक आणखी सांगतो, आमच्या टाकीजच्या गेटवाल्याची थेअरी. तो म्हणते एप्रिलचा शेवटचा शुक्रवार लकी असते. सैराट २९ एप्रिल २०१६, बाहुबली २ हा २८ एप्रिल २०१७, दोन्ही शेवटचे शुक्रवार, खरी गोष्ट आहे, मी कॅलेंडर काढून पाहिलं. सैराटच्या टायमाला तर लोकं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले होते, चारचे पाच खेळ केले तरी खिडकी तुटायची बाकी होती. पण त्यानंतरही शेवटचे शुक्रवार दरवर्षी येतात, पिच्चरही येतात, खिडकी जाग्यावर आहे. ट्रॉली काढायला पिच्चर लागते, शुक्रवार नाही.

१ मे, महाराष्ट्र दिन, गुरुवार. ३० ला अक्षय तृतीया, त्या दिवशी लग्नच लग्न, पण एक तारीख मोकळी आहे. आणि नेमकं त्याच दिवशी तीन पिच्चर एकावर एक. असं काहून करतात समजत नाही, बाकी गुरुवार-शुक्रवार मेले होते काय.

रेड २. अजय देवगण परत तोच इन्कम टॅक्सवाला अमय पटनाईक, पहिला २०१८ चा होता. यावेळी समोर व्हिलन रितेश देशमुख, आणि मला खरं तर त्यासाठीच पाहायचा आहे, कारण गोड चेहऱ्याचा, पांढऱ्या कपड्यातला, सगळ्यांना हात जोडणारा पुढारी व्हिलन म्हणून कसा असते हे आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं मुंबईवाल्याला नाही. पहिल्या पिच्चरमधी भिंती फोडून, छत फोडून पैसा काढतात तो सीन आला की टाकीजमधे जो आवाज होते तो घरी होत नाही, लोकांना दुसऱ्याच्या घरातून नोटा निघताना पाहायला लय आवडते. छप्पन दिवस मिळवले तर २६ जून येते, तेव्हा आपण तिफणीमागं. म्हणून हा टाकीजमधेच, रात्री नऊचा खेळ, कूलरपासून मध्यम अंतर. सगळे डायलॉग ऐकू नाही आले तरी नोटा दिसतील. आयपीएलची २५ मेपर्यंत कटकट आहे, पोट्टे रात्रीच्या खेळाला येत नाहीत, म्हणजे उलट आपल्याला जागा चांगली मिळते.

गुलकंद. हास्यजत्रावाले सगळे, सचिन गोस्वामी डायरेक्टर, सई ताम्हणकर, समीर चौघुले, प्रसाद ओक, ईशा डे. आमच्या घरी रात्री जेवताना हास्यजत्रा लावल्याशिवाय माझी आई भाकर वाढत नाही, एवढं प्रेम आहे. पण त्यामुळेच शंका येते, जे रोज घरी फुकट पाहतो तेच मोठ्या पडद्यावर पाहायला दीड तास जायचं? दहा मिनिटांचं स्किट आणि सव्वादोन तासांचा पिच्चर यात फरक असते, पोळीच्या तव्यावर लग्नाचा स्वयंपाक होत नाही. पहिल्या तीन दिवसांत लोक काय म्हणतात ते पाहू.

आता थांबायचं नाय. हा आमच्या घरचीचा पिच्चर. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, डायरेक्टर शिवराज वायचळ. मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कामगारांची खरी गोष्ट आहे, दिवसभर गटारं, कचरा, झाडू, आणि रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा. हे मी तिला नुसतं वाचून दाखवलं आणि ती भाजी निवडायची थांबली. ती स्वतः लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झाली आहे, पोरगी अंगावर पीत होती, दिवसा निंदण आणि रात्री लाईन गेली की दिव्यावर अभ्यास, इंग्रजीत एकदा राहिली, परत बसली. लगेच म्हणाली, हा मी पाहीनच, तुम्ही या का नका येऊ.

आणि तिचं मत मी हलकं घेत नाही, कारण तिचं माहेर वडसाकडलं. झाडीपट्टीत लहानपणापासून रात्रभर नाटकं पाहिलेली बाई आहे, दिवाळीपासून गावोगाव नाटकं, थंडीत घोंगडी घेऊन सकाळपर्यंत बसलेले हजारो लोक, तिथं नट खोटं रडला की पब्लिक तिथल्या तिथं सांगते. त्याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा तिनं गल्लीत पेढे वाटले होते, जसा काही तिचा मामा आहे. तर ती पहिल्या दहा मिनिटांत सांगते पिच्चर बसला की नाही, आणि मी जो वर म्हणला ना नाव न घेण्यासारखा, त्यावेळी तिनं पोस्टर पाहूनच नाही म्हणलं होतं.

अडचण एवढीच की टाकीजला पडदा एक आणि खेळ चार, १ मेला ते चारही रेड २ ला जाणार हे लिहून ठेवा. मराठीला नशिबानं दुसऱ्या हप्त्यात दुपारी बाराचा खेळ मिळेल, म्हणजे भर उन्हात, आणि सात लोकं आले तर परत तेच, कॅन्सल आहे भाऊ. मंग मराठी पिच्चर चालत नाही म्हणून वरून मराठीच्याच नावानं बोंब. म्हणून मी काय केलं आहे, बचत गटाच्या बायांना सांगून ठेवलं, तीस बाया एकदम जातील असा दिवस पकडा, आधी गेटवाल्याला फोन करा, तीस तिकिटं म्हणलं तर मालक स्वतः कूलरमधी पाणी टाकीन. आमच्या घरचीनं बावीस नावं लिहून घेतली आहेत आतापर्यंत.

९ मेला भूल चूक माफ. राजकुमार राव आणि वामिका गब्बी, बनारसची गोष्ट, पोराचं लग्न तोंडावर आहे पण तो हळदीच्याच दिवसात अडकते, झोपून उठला की परत हळद, परत हळद. आता मला सांगा, मे महिन्यात आपल्याकडं वेगळं काय चालू असते? सोमवारी हळद, बुधवारी हळद, शुक्रवारी हळद, तोच डीजे, तीच बुंदी, तेच मामा नाचून ऱ्हायले. हे पाहायला पैसे देऊन जायची गरज नाही. तसा राजकुमार राव कधी कंटाळा आणत नाही, पण छप्पन दिवस थांबू, सुटला तर सुटला.

मे मधीच टॉम क्रूझचा मिशन इम्पॉसिबल येते, हिंदीत डब होऊन. कूलरजवळचा नंबर एक. तो माणूस साठ वर्षांच्या वर गेला आणि अजून स्वतः विमानाला लटकून ऱ्हायला, आमच्याकडं साठीचा माणूस विहिरीत उतरतो म्हणला तर पोरं दोर लपवून ठेवतात. पण अमरावतीला मोठ्या पडद्यावर पाहा, आपल्या टाकीजचा पडदा उजव्या कोपऱ्यात काळा पडला आहे, विमान नेमकं तिथंच गेलं तर?

६ जूनला हाऊसफुल ५. पहिला भाग ३० एप्रिल २०१० ला आला होता, तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. त्यात एवढे नट आहेत म्हणतात की पोस्टरवर चेहरे मोजता मोजता माझी पोरगी दोनदा चुकली. पण ६ जून म्हणजे मृगाच्या तोंडावर. आभाळ पाहू की पडदा पाहू? बियाण्याच्या दुकानासमोर लाईन लागली असताना हाऊसफुलची लाईन लावणारा शेतकरी मला अजून भेटला नाही. शहरात नोकरीवर असलेल्या भावांनी पाहून सांगा. आमच्या पोरांना सुट्ट्या असतात तोवर, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे पोट्टे रडतील, रडू द्या.

पॉपकॉर्नचा एक मुद्दा राहिला. मॉलमधी जाल तर पोट्ट्यांना आधीच घरून खाऊ घालून न्या. डिसेंबरमधी जीएसटीवाल्यांनी पॉपकॉर्नचे तीन भाव करून ठेवले, खुला खारा ५ टक्के, पाकिटातला १२, साखरेचा कॅरामलवाला १८. आमच्याकडं मका भाजून मीठ लावणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मंग मी तिखट लावते, त्याले काय लागते?

तर ठरलं ते असं. रविवार २७ एप्रिल, अमरावती, सकाळी केसरी २, दुपारी फुले. गाडी मंदिरासमोरून साडेसहाला सुटेल, कोणासाठी थांबणार नाही. अकरा जागा होत्या, आता दोन उरल्या, आणि ड्रायव्हर म्हणते मी खाली उन्हात काहून बसू, मलेही फुले पाहाचा आहे, म्हणून त्याचं तिकीट सगळ्यांनी मिळून काढायचं. बाबा येणार आहेत, त्यांना मॉलच्या सरकत्या जिन्यावर दोघांनी धरायचं. प्रत्येकानं डुपट्टा घ्या, पाण्याची बाटली घ्या, आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवाल तर आधीच सांगतो, गेटवरचा सिक्युरिटीवाला बाहेरचं खाणं म्हणून तो काढून घेते. मागच्या वेळी काकाचा घेतला होता. भांडू नका, टेबलावर ठेवा, येताना मागून घ्या, देते तो.